वाकळेला नाव कुणाचं?

गोष्ट फ्रिजपासून सुरू झाली. साताऱ्यातल्या पेठेतलं भाड्याचं घर सोडून आम्ही गोडोलीच्या बाजूला फ्लॅटमध्ये राहायला निघालो होतो. टेम्पो दारात उभा, दोन पोरं सामान चढवतायत आणि मी घामाघूम! त्यातला एक म्हणाला, "काकी, फ्रिजला गुंडाळायला काय तरी जुनंपानं द्या की. चरे पडत्यात." मी समोर दिसली ती वाकळ ओढली आणि त्याच्या हातात दिली.

नव्या घरात फ्रिज उतरवला तेव्हा त्यावर एकही चरा नव्हता. वाकळ मात्र एका कोपऱ्यात चांगली वीतभर फाटली होती. खरं सांगते, मला त्याचं काहीच वाटलं नाही. घरात चार ब्लँकेटं होती, लग्नात आलेली एक दुलई होती. वाकळ म्हणजे माळ्यावरचं सामान. पुढच्या वेळी बोहारीण आली की देऊन टाकू, एखादी चाळण तरी येईल, असा माझा हिशोब.

माझ्या सासूबाईंना आम्ही आत्या म्हणतो. वय ऐंशीच्या पुढे, माहेर खटावातलं. त्या दिवसभर काही बोलल्या नाहीत. रात्री सगळे झोपल्यावर मी पाणी प्यायला उठले तर आत्या हॉलमध्ये खाली बसलेल्या. मांडीवर ती वाकळ. फाटक्या भागावरून बोट फिरवत होत्या. मला बघून एवढंच म्हणाल्या, "फ्रिजला थंडी वाजती व्हय गं?"

मैत्रिणींनो, मला काय उत्तर द्यावं ते सुचेना. मी त्यांच्याशेजारी बसले. मग त्यांनी एकेक तुकडा दाखवायला सुरुवात केली. हा पांढरा मामंजींच्या धोतराचा. ही खाकी म्हणजे थोरल्या दिरांची शाळेची चड्डी. हे बारीक फुलाफुलांचं नणंदेचं परकर-पोलकं. हिरवं लुगडं ओटीभरणाचं. आणि मधोमध एक काळपट निळी पट्टी होती, काठाला जरासा लाल. ती माझ्या आजेसासूबाईंच्या इरकलीची. ११ डिसेंबर १९६७ ला पहाटे कोयनेचा भूकंप झाला तेव्हा त्यांच्या अंगावर तेच लुगडं होतं. ऐन थंडीचे दिवस. भिंतींची भीती वाटायची म्हणून पुढं कितीतरी रात्री घरातली सगळी अंगणात झोपली. "तवा वाकळाच व्हत्या," आत्या म्हणाल्या, "दुसरं काय व्हतं?"

सव्वीस वर्षं मी या घरात आहे. ती वाकळ मी पावसाळ्यानंतर उन्हात टाकली, काठीनं झोडपली, तिच्यावर शेवया वाळवल्या. तिच्यात कोण कोण आहे हे मी कधी विचारलं नव्हतं.

आता वाकळ कशी होते हे तुमच्यातल्या अनेकींना माहीत आहे, पण मुलींना नाही, म्हणून थोडं सांगते. पुण्याकडे गोधडी म्हणतात, आमच्या सातारा-सांगलीकडे वाकळ, सीमेपलीकडे कर्नाटकात कवदी. लहान बाळाची असेल तर दुपटं. खाली एक धड जुनेर अंथरायचं. जुनेर म्हणजे शेकडो धुण्यांनी मऊ पडलेली साडी. नवं कापड चालत नाही. ते आटतं आणि मग टाके ओढले जाऊन सगळी वाकळ गोळा होते. जुनेरावर भरण म्हणून आणखी दोन-तीन पदर फाटक्यातुटक्याचे. वर ठिगळांची मांडणी. चार कोपऱ्यांवर चार दगड ठेवायचे, म्हणजे कापड सरकत नाही. मग मोठ्या सुईनं कडेकडेनं धावदोरा घालत आत आत यायचं. चौघी चार बाजूंना बसल्या की मधल्या चौकोनात सगळ्यांच्या सुया भेटतात. टाका तांदळाच्या दाण्याएवढा. टाक्यांवरून बाई ओळखायची, असं आत्या सांगतात. "तिचा टाका रागीट हाय," असं त्या एका जावेबद्दल अजून म्हणतात.

याच धर्तीचं काम आपल्यापासून फार लांब नाही, उत्तर कर्नाटकात हल्याळ-यल्लापूरच्या जंगलपट्टीत सिद्दी बायका करतात. शेकडो वर्षांपूर्वी आफ्रिकेतून या किनाऱ्यावर आणलेल्या लोकांची ही वस्ती. त्यांच्या गोधडीला कवंद म्हणतात. कवंदीच्या चारही कोपऱ्यांना त्या घडीचं एक तिकोनी फूल लावतात. त्याचा उपयोग काही नाही. पण ते नसेल तर कवंद उघडी राहिली, नागडी राहिली, असं त्या मानतात. हे मी आत्यांना सांगितलं तेव्हा त्यांनी मान डोलावली. "बराबर हाय. बाईला कुकू लागतं तसं." (आता कुंकवाबद्दल माझं मत वेगळं आहे, पण तो विषय पुन्हा कधीतरी.)

ती फाटकी वाकळ आत्यांनी दुसऱ्या दिवसापासून सांधायला घेतली. डोळ्यांना दिसत नाही, सुईत दोरा मी ओवून द्यायची. असं दोघी बसलेलो असताना आमच्या भिशीतल्या एक वहिनी आल्या आणि त्याही बसल्या. मग दुसरी आली. भिशी आमची अकरा जणींची. दर महिन्याला जमायचं, चिठ्ठी काढायची, पावभाजी खायची आणि सुनांबद्दल बोलायचं. आता चिठ्ठी निघाल्यावर वाकळ अंथरली जायला लागली.

पण एखाद्या विषयावर वाकळ करावी ही कल्पना सांगलीहून आली. तीही पुरातून.

माझी धाकटी बहीण सांगलीत नदीच्या बाजूला राहते. तळमजला. ऑगस्ट २०१९ चा पूर तुम्हाला आठवतच असेल. सांगलीत पाणी आयर्विन पुलाजवळ मोजतात. पूल १९२९ सालचा. तिथं ४० फुटांना इशारा आणि ४५ फुटांना धोका, हे सांगलीतल्या शेंबड्या पोरालाही पाठ असतं. त्या वर्षी पाणी ५७ फुटांच्या वर गेलं. वरच्या अंगाला ब्रह्मनाळला, जिथं येरळा कृष्णेला मिळते तिथं, पुरातून लोकांना काढणारी बोट उलटली आणि कित्येक जणांचा जीव गेला. त्यात बायका आणि लेकरंच जास्त. बहिणीच्या घरचे सगळे वाचले. पाणी ओसरल्यावर आम्ही गेलो तेव्हा गल्लीत दोन्ही बाजूंना ढीग लागले होते. गाद्या, उशा, वह्या-पुस्तकं, धान्य आणि वाकळा. भिजलेली वाकळ दोन माणसांना उचलत नाही. चिखल आत भरणापर्यंत गेलेला. धुणार कशी आणि वाळवणार कुठं? आईनं शिवलेल्या तिघी त्या ढिगात गेल्या.

मग पंचनामा झाला. टीव्ही लिहिला, फ्रिज लिहिला, धान्य लिहिलं. बहीण म्हणाली, "ताई, मी म्हटलं, तीन वाकळा पण लिहा. ते म्हणाले, बाई, त्याला काय किंमत लावू?" त्या माणसाचा दोष नाही, त्याच्या कागदावर तसा रकानाच नव्हता. पण माझ्या मनात ते वाक्य जे बसलं ते बसलं.

तिनं एक वस्तू ठेवली होती. आईच्या एका सुती साडीचा पदर, पुरातून निघालेला. चार वेळा धुतला तरी गढूळ पाण्याची रेघ गेली नव्हती. तांबूस, नकाशावर असते तशी वाकडीतिकडी. भिशीत मी तो पदर दाखवला. सगळ्या गप्प. मग आमच्यातल्या एक जण, ज्या शाळेत भूगोल शिकवायच्या, त्या म्हणाल्या, "ही नदीच आहे की. आपण कृष्णेची वाकळ करू."

झालं! सहा महिने आमच्या डोक्यात दुसरं काही नव्हतं.

भूगोलाच्या बाईंनी चुन्यानं फरशीवर नकाशा काढला. वर डाव्या कोपऱ्यात महाबळेश्वर, तिथून नदी तिरकी खाली येते. वाई. मग माहुली, तिथं वेण्णा मिळते. मग कऱ्हाड, तिथं पश्चिमेकडून कोयना समोरासमोर येऊन मिळते. मग ब्रह्मनाळ, मग सांगली, आणि सांगलीला लागून हरिपूर, तिथं वारणा. उजवीकडे वर माण-खटाव. साताऱ्याची गंमत (गंमत कसली म्हणा!) अशी की महाबळेश्वरात वर्षाला पाच हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो आणि त्याच जिल्ह्यात माणला पाचशेच्या आसपास. तेव्हा वाकळेचा डावा कोपरा हिरव्यागार लुगड्यांचा आणि उजवा तपकिरी, पिवळट, भगभगीत. तो कोपरा आत्यांनी मागून घेतला. दुष्काळात त्या वाढल्या आहेत. त्यांनी कापडं निवडली ती सगळी उडालेल्या रंगाची. एका तुकड्याला मुद्दाम भोक ठेवलं. "हिर हाय ती," म्हणाल्या. "कोरडी."

नदीचा निळा रंग मात्र मिळेना. आमच्या साड्यांमध्ये निळं कमीच. एकीनं सुचवलं, मोती चौकातून दोन मीटर निळं सॅटिन आणू, छान चमकेल. आत्यांनी तिच्याकडे पाहिलं. "नदी इकत आणतीस व्हय?" त्या दिवसापासून नियम झाला. दोरा सोडून काहीही विकत आणायचं नाही, आणि वापरलेलं नसेल ते घ्यायचं नाही.

मग पुढच्या वेळी आमच्यातली एक जण एक पिशवी घेऊन आली. ती फारसं बोलत नाही. तिचा नवरा एमआयडीसीत एका कारखान्यात होता, काही वर्षांपूर्वी वारला. पिशवीत त्याचे कामावरचे निळे शर्ट, चार. खिशापाशी ग्रीसचे डाग. कॉलर विरलेली. "टाकवत नव्हते," एवढंच म्हणाली. "नदी करा."

कात्री कुणी लावायची यावर बराच वेळ गेला. शेवटी तिनंच लावली. नदी कऱ्हाडपासून खाली सगळी त्या शर्टांची आहे. डाग तसेच ठेवले. एका ठिकाणी खिसाही आहे, तो उसवलेला नाही.

सांगलीपाशी आईचा पदर. पुराची रेघ जशी होती तशी.

आता भांडणांबद्दलही सांगितलं पाहिजे, नाहीतर वाटेल की आम्ही सगळ्या संतच. मशीनवर टीप मारायची की हातानं, यावर दोन आठवडे अबोला झाला. मशीनवाल्या म्हणत, गुडघे दुखतात, खाली बसवत नाही, आणि ते खरंच होतं. हातवाल्या म्हणत, मशीनची टीप सरळ जाते आणि नदी काय सरळ जाते का? शेवटी पलंगावर वाकळ पसरून खुर्च्यांवर बसायचं, अशी तडजोड निघाली. सगळ्यांत मोठं भांडण मात्र वेगळंच. वाकळ पुरी व्हायला आली तसं सगळ्यांना वाटायला लागलं की ही भिंतीवर लावायची, प्रदर्शनात ठेवायची. आत्या उठूनच गेल्या. "पांघरायची न्हाय तर शिवली कशाला? भित कुडकुडती का?" आम्ही त्यांना समजावलं, मोठ्या शहरांत अशा वस्तू भिंतीवर लावतात, त्याला कला म्हणतात. त्यावर त्या जे म्हणाल्या ते छापण्यासारखं नाही.

तरी आम्ही ठेवली. एका महिला मेळाव्यात, शाळेच्या हॉलमध्ये. एका बाजूला मसाले, पापड, सांडगी मिरची, दुसऱ्या बाजूला आमची वाकळ दोन बांबूंवर ताणून लावलेली. लोक थांबत होते. एक आजोबा कऱ्हाडच्या संगमावर बोट ठेवून नातवाला काहीतरी सांगत होते. सांगलीच्या बायका त्या तांबूस रेघेपाशी यायच्या, आणि त्यांना काही सांगावं लागायचं नाही.

पुण्याच्या एक बाई आल्या. गळ्यात मोठ्या मण्यांची माळ, हातात कॅमेरा. बराच वेळ बघून म्हणाल्या, "मला ही घ्यायची आहे. कलाकार कोण आहेत?"

आम्ही अकरा जणी एकमेकींकडे बघायला लागलो. खाली कागद लावला होता त्यावर आयोजकांनी लिहिलं होतं, महिला मंडळाची कलाकृती. आमचं मंडळ नाहीच, आम्ही भिशी आहोत! संध्याकाळी प्रशस्तिपत्र मिळालं, तेही मेळाव्याच्या एका पदाधिकारी बाईंच्या हातात, फोटो त्यांचाच. राग त्यांच्यावर नाही. राग आला तो स्वतःवर. कलाकार कोण, या साध्या प्रश्नाला एकीच्याही तोंडून "मी" निघालं नाही. मी तर म्हणाले, "अहो, हे असंच आपलं, फावल्या वेळातलं."

घरी आल्यावर मुलीला फोनवर सांगितलं. ती पुण्यात शिकते. ती म्हणाली, "आई, थांब, तुला एक दाखवते," आणि मोबाईलवर फोटो पाठवले. मला वाटलं आपल्याच वाकळा. त्या होत्या अमेरिकेतल्या. अलाबामा राज्यात नदीच्या वळणावर जीज बेंड नावाचं छोटं गाव आहे, कृष्णाकाठी असतं तसं तीन बाजूंनी पाणी असलेलं. तिथल्या काळ्या बायका पिढ्यान् पिढ्या जुन्या कपड्यांच्या गोधड्या शिवत आल्या. गुलामांच्या वंशातल्या बायका. त्यांच्यातल्या कितीतरी जणींचं आडनाव पेटवे, आणि ते आडनाव कुणाचं, तर त्यांच्या पूर्वजांना राबवणाऱ्या मालकाचं. २००२ मध्ये ह्यूस्टनच्या कलासंग्रहालयात या गोधड्यांचं प्रदर्शन झालं, मग न्यूयॉर्कला गेलं. मोठमोठ्या समीक्षकांनी तोंडात बोटं घातली. २००६ मध्ये अमेरिकेच्या टपाल खात्यानं त्यातल्या दहा गोधड्यांची तिकिटं काढली.

त्यातली एक गोधडी मी बराच वेळ बघत होते. मिसुरी पेटवे नावाच्या बाईनं ती १९४२ मध्ये शिवली. तिचा नवरा वारला तेव्हा तिनं त्याचे शेतावरचे कामाचे कपडे गोळा केले आणि त्यांची गोधडी केली, त्याच्या आठवणीसाठी, त्याच्या मायेखाली झोपण्यासाठी. मधे विटलेल्या निळ्या पट्ट्या, गुडघ्याचे डाग दिसतात. मला आमची निळी नदी आठवली. कुठलं अलाबामा आणि कुठली साताऱ्याची एमआयडीसी!

पण मुलीनं पुढची गोष्टही सांगितली, आणि ती मला जास्त महत्त्वाची वाटते. गोधड्यांचं एवढं नाव झालं, त्यांची चित्रं चादरींवर, गालिच्यांवर छापली गेली. २००७ मध्ये गावातल्या तिघी कोर्टात गेल्या. आमच्या कामाचा, आमच्या नावाचा योग्य मोबदला आम्हाला मिळाला नाही, असं त्यांचं म्हणणं. संग्राहकांनी ते नाकारलं. २००८ मध्ये आपसात मिटलं. आणि २०२१ मध्ये तिथल्या काही जणींनी इंटरनेटवर आपापल्या नावाची दुकानं उघडली. प्रत्येक गोधडीखाली शिवणारीचं नाव.

अमेरिकेतच आणखी एक मोठी गोधडी आहे, ती तर नावांचीच. एड्सनं गेलेल्या माणसांच्या आप्तांनी, मित्रमैत्रिणींनी प्रत्येकासाठी तीन फूट बाय सहा फुटांचा तुकडा शिवला. एका माणसाला पुरतं तेवढी जागा. १९८७ च्या ऑक्टोबरमध्ये वॉशिंग्टनला ती पहिल्यांदा मैदानावर अंथरली तेव्हा १,९२० तुकडे होते. आज ते पन्नास हजारांच्या आसपास आहेत. तेव्हा त्या आजाराचं नावही लोक घरात घेत नव्हते. कापडावर मात्र त्यांनी नाव शिवलं.

आणि आपल्याकडे? मुंबईच्या गीता खंडेलवाल यांनी महाराष्ट्रात गावोगाव फिरून आपल्या गोधड्यांवर इंग्रजीत मोठं पुस्तक केलं आहे. मुलीनं त्याची पानं दाखवली. अशी ठिगळं आपण माळ्यावर टाकतो, ती गुळगुळीत कागदावर बघताना मला अभिमानही वाटला आणि लाजही. आपल्या घरातल्या गोधड्या मात्र बिननावाच्याच राहिल्या.

आपल्या घरात नाव कशावर असतं ते बघा जरा. स्टीलच्या पातेल्यावर! दुकानदार मशीननं टर्र टर्र करून घालून देतो. कुणी दिलं, कुणाला दिलं, तारीखसुद्धा. दोन-तीनशे रुपयांच्या डब्यावर माझ्या मिस्टरांचं अख्खं नाव आहे. आणि ज्या वाकळेला चौघींचे पंधरा दिवस लागले, तिच्यावर एक अक्षर नाही. ती वाकळ देऊन आपण बोहारणीकडून काय घेतो? तो नाव घातलेला डबाच.

पुढच्या भिशीला मी विषय काढला. वाकळेच्या मागच्या बाजूला अकरा जणींची नावं शिवायची. आधी हसल्या, मग लाजल्या, मग खरी अडचण आली. कुठलं नाव? लग्नात बदललेलं की आईबापांनी ठेवलेलं? आडनाव घालायचं का? नवऱ्याचं नाव मधे हवं की नको? तासभर चर्चा. एकीला माहेरच्या नावानं हाक मारून तीस वर्षं झाली होती. ती ते नाव मोठ्यानं म्हणाली आणि पुढं बोलूच शकली नाही. आमच्यातली एक जण पैसे घेऊन लोकांच्या वाकळा शिवून देते. तिच्याशी लोक दहा-वीस रुपयांसाठी घासाघीस करतात. ती म्हणाली, "माझं नाव मोठं शिवा. फोन नंबर पण घाला!" घातला नाही, पण कल्पना वाईट नव्हती.

आत्यांना लिहिता येत नाही. मी पेन्सिलीनं अक्षरं काढून देते म्हटलं, त्यावरून टाके घाला. त्यांनी माहेरचं नाव सांगितलं. आमच्या घरात ते कुणालाच ठाऊक नव्हतं, माझ्या मिस्टरांनाही नाही! चार अक्षरं शिवायला त्यांना दोन दुपारी लागल्या. शेवटच्या अक्षराचा काना जरा कलला आहे, तो उसवून नीट करू का विचारलं तर हात बाजूला केला. ते नाव इथं लिहू का, असंही मी त्यांना विचारलं. "पेपरात नगं. वाकळंवर हाय तेवढं पुरं."

पुण्याच्या बाईंचा फोन दोनदा येऊन गेला. त्यांनी सांगितलेली रक्कम ऐकून आमच्या भिशीत पहिल्यांदा पाच मिनिटं शांतता झाली. विकावी असं म्हणणाऱ्या आहेत, आणि त्यांचं चुकतं असं मला वाटत नाही. अकरा घरांत त्या पैशांना वाटा आहेत. कामाला दाम मिळाला तर पुढच्या वेळी पंचनाम्यात आकडा तरी सांगता येईल. निळ्या शर्टांची मालकीण मात्र काही बोलली नाही, आणि ती बोलेपर्यंत विकायची नाही असं ठरलं आहे. दुसरी वाकळ सुरू केली आहे, ती विकायसाठीच. विषय आठवडी बाजार. त्यात लाल किती असावा यावर सध्या अबोला चालू आहे.

कृष्णेची वाकळ तोवर सांगलीत बहिणीकडे आहे. आईचा पदर तिचा, म्हणून तिनं मागून नेली. आत्यांची अट एकच, थंडीत पांघरायची. डिसेंबरात तिच्या दोन्ही पोरांनी ती अंगावर घेतली, फोटोही आला. गेल्या पावसाळ्यात कोयनेतून पाणी सोडलं आणि आयर्विन पुलाखालचं पाणी ४० फुटांकडे चढायला लागलं, तेव्हा रात्री अकराला तिचा फोन आला. आवाजात घाई. "ताई, काळजी करू नको. पोरं वर काकूंकडं पाठवलीत. टीव्ही खालीच आहे अजून. वाकळ वर नेली."